डोंगरवाटांच्या निगराणीसाठी श्रमदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (बेळगाव, खानापूर आणि चंदगडचा सीमाभाग)

बेळगावातून दर रविवारी कितीतरी मंडळी डोंगरात जातात. कुणी राजहंसगडावर, कुणी वैजनाथला, कुणी जांबोटी-कणकुंबीकडं, कुणी चोर्ल्याच्या पठारावर. ज्या वाटांवर आपण चालतो त्यांच्यासाठी काही करता येईल का, असं त्यातले बरेचजण आता विचारायला लागलेत. करता येईल, आणि भरपूर काम पडलंय. या वाटांवर श्रमदान करणाऱ्या आमच्या गटाला नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

श्रमदान म्हणजे प्लास्टिक गोळा करायचं ना?

तेही करतोच, पण हे काम मुख्यतः कुदळ-खोऱ्याचं आहे. तुंबलेल्या चरी मोकळ्या करायच्या, खचलेली कड दगडांनी धरायची, वाटेवर आलेली काटेरी झुडपं छाटायची, लोकांनी पाडलेले शॉर्टकट बुजवायचे. संध्याकाळी अंग दुखतं आणि कपडे लाल मातीचे होतात.

पूर्वापार वाटा टिकल्याच की. आताच निगा कशाला?

पूर्वी वाट रोजच्या वापरात होती. पडलेला दगड पहिला येणारा माणूस बाजूला करायचा, आडवी आलेली फांदी कोयत्याच्या एका घावात जायची. वाट चालता चालता तिची निगा होत होती. आता बऱ्याच गावांना गाडीरस्ता आला, त्यामुळं काही वाटा ओस पडल्या. उरलेल्यांवर शनिवार-रविवारी एकदम गर्दी लोटते, तीही भर पावसाळ्यात, धबधबे बघायला. ओल्या मातीवर शेकडो बूट पडले की चिखल होतो. चिखल टाळायला लोक कडेच्या गवतातून जातात. मग तिथंही चिखल होतो आणि वाट रुंद होत जाते.

तरीही वाटेचा खरा नाश पाणी करतं. पायांखाली दबलेली माती पाणी शोषत नाही. वरून आलेलं पाणी वाटेत शिरलं की बाहेर पडत नाही, उताराला धरून धावतं, वेग घेतं आणि तळ खरवडत नेतं. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. मुळं उघडी पडतात, बारीक माती वाहून जाते आणि घसरणारी लाल खडी तेवढी उरते. त्या घळीतून चालवत नाही म्हणून लोक शेजारून जातात आणि शेजारी दुसरी घळ सुरू होते. चोर्ल्याच्या वाटेवर, कणकुंबीच्या आसपास, मलप्रभेच्या उगमाकडच्या या सगळ्या पट्ट्यात पाऊस इतका कोसळतो की एका मोसमात होणारं नुकसान डोळ्यांनी दिसतं. तीच माती पुढं ओढ्यात आणि नदीत जाते.

म्हणून आमच्याकडं नव्यानं येणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवली जाते ती पाणी बघायला.

पाणी वाटेबाहेर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हा या कामाचा गाभा आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबणार.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वाटेलाच दरीच्या अंगाला किंचित कलतं ठेवणं. मीटरभर रुंद वाटेला चार-पाच सेंटिमीटर उतार पुरतो. चालताना पायाला तो जाणवतही नाही, पण पाणी वाटेवरून आडवं ओलांडून निघून जातं. कालांतरानं काय होतं, तर मधला भाग पायांनी खोलगट होतो आणि दरीकडच्या कडेवर माती-गवताचा वरंबा तयार होतो. पाणी आत अडकतं ते या वरंब्यामुळं. तो कुदळीनं काढून माती परत मधल्या खोलगट भागात दाबून बसवायची. इतक्या कमी कष्टात इतका फायदा देणारं दुसरं काम नाही. नवख्या माणसाला आम्ही हेच देतो.

दुसरा उपाय म्हणजे उतरत्या वाटेला मधेच थोडं वर चढवणं. दोन-तीन मीटर वाट हलकीशी वर गेली की तिच्या अलीकडच्या खोलगट जागी पाण्याला बाहेर पडावंच लागतं. नवीन आखणी असेल तर हे सोपं जातं. जुन्या वाटेवर जागा मिळेलच असं नाही.

तिथं मग आडवा दगडी बांध घालतात. लांबट, वजनदार दगड निवडायचे. जांभ्याचे ठिसूळ तुकडे चालत नाहीत. वाटेला तिरकी चर खणायची, साधारण ४५ अंशांत, डोंगराकडचं टोक वर आणि दरीकडचं टोक खाली. बरेचजण बांध वाटेला काटकोनात घालतात. मग पाणी त्याच्यामागं साचतं, गाळ भरतो आणि पुढच्याच मोठ्या सरीला पाणी वरून उडी मारून जातं. दगड उभे, एकमेकाला घट्ट भिडवून, दोन-तृतीयांश जमिनीत गाडायचे. डोंगराकडचा पहिला दगड काठात चांगला आत घुसवायचा, नाहीतर पाणी त्याच्यामागून वाट काढतं. खालच्या बाजूनं माती-खडी ठोकून बसवायची. बांधावर उभं राहून दगड हलतो का बघायचं आणि हलला तर काढून परत बसवायचा. शेवटी दरीकडचं तोंड चांगलं रुंद उघडायचं आणि पाणी पडतं तिथं चार दगड पसरायचे, म्हणजे खाली खड्डा पडत नाही. घाई झाली की हे तोंड नेमकं अरुंद राहतं, आणि बांध फुकट जातो.

काम नेहमी वरून खाली करत यायचं. खालचा बांध आधी घातला आणि वरचं पाणी तसंच सोडलं, तर पहिल्याच पावसात खालची मेहनत वाहून जाते.

वाट किती चढाची असावी?

जगभर वाटा बांधणारे लोक एक सोपा नियम पाळतात: डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नको. बाजूचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. यापेक्षा उभी वाट केली की पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेनंच पळणं सोपं पडतं. आणि बाजूचा उतार कितीही असला तरी पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर ती टिकते.

उतार मोजायला यंत्र लागतं का?

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी पुरते. दोन काठ्यांना सेंटिमीटरच्या पट्ट्या लावायच्या, नळीची टोकं काठ्यांना धरायची आणि दोघांनी दहा मीटर अंतरावर उभं राहायचं. दोन्हीकडच्या पाण्याच्या खुणांत एक मीटर फरक आला तर उतार १० टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तेवढं बघायचं. गावातला कुणी गवंडीकाम करणारा मामा बरोबर असेल तर नळी त्याच्या हातात द्या. तो पाच मिनिटांत सगळ्यांना शिकवतो.

सरळ सिमेंटच्या पायऱ्या केल्या तर?

नको. पायऱ्या फार उभ्या जागीच करायच्या आणि त्याही सुट्या दगडांच्या, एकेक पायरी वीतभर उंचीची. उंच पायऱ्या लोक टाळतात आणि शेजारच्या मातीतून चढतात, म्हणजे प्रश्न तिथंच राहतो. सिमेंट एकदा फुटलं की ते काढणंही अवघड. गडावर तर एक घडीव दगडसुद्धा पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हलवायचा नाही. आपल्याला पडझड वाटणारे दगड कुणाच्या तरी जोत्याचे असतात.

झुडपं किती छाटायची?

डोक्यावर भारा घेतलेली बाई न अडखळता जाईल एवढी. डोंगराकडच्या अंगाला कमी आणि दरीकडच्या अंगाला त्याहून कमी, कारण कडेची मुळंच वाट धरून ठेवतात. घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढली तरी चालतात, ती बाहेरून आलेली आहेत आणि झपाट्यानं पसरतात. कारवी, करवंद, अंजनी यांच्या फक्त वाटेवर आलेल्या फांद्या घ्यायच्या. जिवंत झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आडवा पडलेला ओंडकासुद्धा वनरक्षकाला दाखवूनच हलवायचा. देवराईत गुरवाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पानालाही हात लावू नका.

एखाद्या सुंदर जागेकडं नवी वाट काढता येईल का?

वनजमिनीवर स्वतःहून वाट पाडणं हा गुन्हा आहे. कायद्यापलीकडचं आमचं मतही तेच आहे. आपल्याकडं वाटांची वाण नाही. गुरांच्या, गवळ्यांच्या, घाट उतरून कोकणात-गोव्यात जाणाऱ्या जुन्या वाटांचं जाळं या डोंगरांत आहे. त्यातल्या कितीतरी झाडीत बुजत चालल्यात. नवी वाट म्हणजे जंगलाचा आणखी एक तुकडा माणसांसाठी उघडणं. आहे ती वाट धडपणे राखली तर त्या माणसांना तीच पुरते.

परवानगी कुणाची घ्यायची?

जमीन कुणाची यावर ते ठरतं, आणि सीमाभागात यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. बेळगावहून वैजनाथकडं चालत निघालात तर मधेच राज्याची हद्द ओलांडता. देवरवाडीचं वैजनाथ देऊळ आणि जवळचा महिपालगड कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात येतात. म्हणजे एकाच दिवसाच्या चालीत दोन राज्यांची वनखाती. दोन्हीकडं वेगवेगळे अर्ज द्यावे लागतात आणि एकाच्या परवानगीवर दुसऱ्याच्या हद्दीत खोरं उचलता येत नाही.

कर्नाटकाच्या हद्दीत वनजमीन असेल तर परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना, म्हणजे सगळे ज्यांना आरएफओ म्हणतात त्यांना, लेखी अर्ज. गायरान किंवा गावठाण असेल तर ग्रामपंचायत आणि तिचे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. खासगी शेतातून वाट जात असेल तर मालकाच्या घरी जाऊन विचारायचं. ते चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, तेवढा वेळ धरून निघा. गावात ग्राम अरण्य समिती असेल तर तिला सुरुवातीपासून बरोबर घ्या. वनखातं या समितीचं म्हणणं ऐकतं.

अर्जात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठून कुठपर्यंतची वाट, कोणतं काम, किती माणसं, कोणती हत्यारं. "साफसफाई व विकास" असं मोघम लिहिलं की अर्ज पडून राहतो. "विकास" हा शब्द तर टाळाच, तो वाचला की अधिकाऱ्याला बांधकामाची शंका येते. नकाशा हातानं काढलेला चालतो.

अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागतो का?

कन्नडमध्ये दिला तर काम लवकर होतं, आणि आपल्यात कन्नड लिहिणारं कुणी ना कुणी असतंच. आमच्या कामाला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुलं येतात. बांध घालताना कोण कुठल्या भाषेत "धर, धर" म्हणतोय याकडं कुणाचं लक्ष नसतं. भाषेचा आणि सीमेचा प्रश्न आम्हालाही जिव्हाळ्याचा आहे, पण वाटेवर आम्ही तो काढत नाही.

भीमगड अभयारण्यात काम करता येतं का?

स्वतःहून नाही. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे जंगल, म्हादईचा उगम याच भागातला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही. खात्यानं बोलावलं तर त्यांच्या माणसांबरोबर, ते सांगतील तेवढंच काम. बारापेडे गुहांकडं जायची वाट नीट करा, अशी मागणी अधूनमधून येते. तिथं राऊटनचं वटवाघूळ राहतं. कितीतरी वर्षं ते जगात फक्त याच गुहांत माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. तिथं जाणारी वाट अवघड आहे ती तशीच असू दे.

गावकऱ्यांना हे काम हवं असतं का?

त्यांना विचारायचं, आणि काय विचारता यावर उत्तर अवलंबून असतं. "तुमच्याकडचा धबधबा बघायला वाट करू का?" असं विचारलंत तर थंड प्रतिसाद मिळेल. रविवारचे आरडाओरडा करणारे घोळके आणि फुटक्या बाटल्या त्यांनी बघितल्यात. "तुम्हाला कुठली वाट पावसात नडते?" असं विचारा, मग तात्या स्वतः उठून दाखवायला येतात.

खानापूरच्या जंगलातल्या काही गावांना अजून बारमाही रस्ता नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून जंगल पार करून आणावं लागतं. मुलं शाळेला पायी जातात. आपण ज्याला ट्रेक म्हणतो ती वाट तिथं दवाखान्याची वाट असते. चौघांनी माणूस उचलून आणायचा तर वाट किती रुंद लागते, ओढा कुठं उतरता येतो, वळणावर जागा किती हवी, हे त्या गावातला माणूस जागेवर उभा राहून सांगतो. आपण आपल्या सोयीनं आखलं तर वाट दिसायला देखणी होते आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून कामांची यादी करताना गावाच्या गरजेची वाट आधी, हौसेची नंतर, असा आमचा ठाम नियम आहे.

गुरांचंही बघावं लागतं. म्हशी रोज ज्या वाटेनं जातात तिथं दगडी बांध उघडा ठेवला तर खुरांनी उखडतो. तिथं वाट थोडी वर चढवून तयार केलेली खोलगट जागाच टिकते. गवळीवाड्यातला एखादा अण्णा जनावरं कुठून चढतात आणि कुठं बिचकतात ते बरोबर सांगेल.

एक पथ्य आहे. ज्या कामाला गावात सरकारी रोजगार योजनेतून मजुरी मिळू शकते ते काम फुकट करून कुणाच्या रोजगारावर पाणी फिरवायचं नाही. पंचायतीत आधी चौकशी करा. मजुरीचं काम मंजूर होत असेल तर आपण आखणीला आणि मोजमापाला मदत करायची.

काम कोणत्या महिन्यांत चालतं?

दसऱ्यानंतर गवत वाळायला लागलं की मुख्य मोसम सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. माती अजून थोडी ओली असते, दाबली की बसते. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती असते, तेव्हा वनखातं आत सोडत नाही आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत डोंगरात काडी पेटवायची नाही, चहासाठीसुद्धा. मे महिन्यात वळीव पडून गेला की परवानगी घेऊन एक फेरी, बांधांमागचा गाळ आणि पाचोळा काढायला. ही फेरी चुकली तर मृगाचा पाऊस वर्षभराचं काम घेऊन जातो.

जून ते सप्टेंबर हत्यारं घरी. पण पाऊस पडत असताना वाटेनं एकदा तरी चाला. पाणी कुठं शिरतं आणि कुठून निघतं हे तेव्हाच दिसतं. वहीत खुणा करून ठेवा.

गोकाक, सौंदत्तीकडं हेच सगळं लागू होतं का?

तिकडं पाऊस कमी, झाडी खुरटी आणि खडक वालुकाश्माचा. पण जो पाऊस येतो तो उघड्या उतारावरून एकदम धावतो, म्हणून बांधांची तोंडं मोठी ठेवावी लागतात. सावली नाही. सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत आवरायचं.

सड्यावर, पठारावर काय काळजी घ्यायची?

तिथं शक्यतो काहीच करायचं नाही. चोर्ला भागातल्या जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद अशी फुलं येतात. एकदा तुडवलेला थर परत धरायला वर्षं जातात. वाट दाखवायला दगडांचे ढीग रचायची हौस अनेकांना असते. सुट्या दगडांखाली बेडूक, देवगांडूळ, पाली, विंचू राहतात. दगड उचलला की त्यांचं घर मोडतं. सड्यावरचा दगड सड्यावरच, जिथं आहे तिथं.

झाडांवर बाण रंगवू का?

नको. खात्यानं मान्य केलेल्या जागी लाकडी पाटी, तीही फाट्यावर फक्त.

जळवा, साप, अस्वल यांचं काय?

जळवेनं कुणी मरत नाही. नखानं बाजूनं सरकवून सोडवा, रक्त थोडा वेळ येतं. गोचिडांकडं मात्र दुर्लक्ष करू नका. माकडताप गोचिडांतून पसरतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि अलीकडं आपल्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गातही रुग्ण सापडलेत. डिसेंबर ते मे जपून राहायचं: पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यात बसायचं नाही, घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि अंग नीट तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. नंतरच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत. आधी पहारीनं उलटवायचा, मग हात. फुरसं आणि घोणस दगडांत असतात, हिरवा चापडा फांदीवर डोळ्यांच्या उंचीला. साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडं न्यायचं नाही. माणसाला आडवं ठेवून, हातपाय न हलवता, थेट सरकारी रुग्णालय. १०८ ला फोन लावा, पण रेंज कुठं मिळते हे सकाळीच बघून ठेवा. अस्वल आणि गवा यांच्यासाठी साधी गोष्ट: पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर राहू नका आणि घोळक्यानं बोलत चाला.

अनुभव नाही, वय झालंय, जमेल का?

जमेल. नळी धरणं, वही लिहिणं, हत्यारांना दांडे बसवणं, भाकरी पोचवणं, अर्जांचा पाठपुरावा, हीसुद्धा कामंच आहेत. मुलींनी विचारावं लागू नये, पण विचारतात म्हणून सांगतो: येतात, आणि दगड बसवण्यात कितीतरीजणी पक्क्या झाल्यात. अठराच्या आतल्यांना पालकांची लेखी संमती लागते आणि पहार-कोयता त्यांच्या हातात देत नाही.

एकाच रविवारी येऊ शकेन. चालेल का?

या. पण मोठी मोहीम, शंभर माणसं, फोटो आणि नंतर वर्षभर शुकशुकाट, या पद्धतीनं वाटा टिकत नाहीत. अमेरिकेतली ॲपलाचियन वाट बघा. १९२१ साली बेंटन मॅके यांनी ती कल्पना मांडली, १९३७ साली वाट सलग झाली. सुमारे ३,५०० किलोमीटर, १४ राज्यांतून. तिची देखभाल आजही मुख्यतः स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक करतात आणि अनेकांकडं एकेक ठरलेला टप्पा असतो. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही. चार मित्रांनी अर्धा किलोमीटर वाट दत्तक घेतली आणि वर्षातून तीनदा तिच्यावर गेले, तर ती वाट राहते.

येताना काय आणायचं?

जाड तळव्याचे बूट, हातमोजे, दोन लिटर पाणी, शिदोरी, टोपी, जादाचा सदरा, रोजची औषधं. कुदळ, खोरं, पहार, बुट्ट्या आम्ही गावातूनच घेतो आणि धुऊन परत देतो. वाकलेलं पातं असेल तर लोहाराकडून सरळ करून द्यायचं. दारू आणि स्पीकर आणणाऱ्याला परत पाठवतो.

आमच्या गावाजवळ आम्हीच सुरू करायचं ठरवलं तर?

फार चांगलं. गावातली रोज चालणारी एक वाट निवडा, तिचा पाचशे मीटरचा तुकडा घ्या. यंदाच्या पावसात छत्री घेऊन तिच्यावरून चाला आणि पाणी शिरतं त्या जागा लिहून काढा. गणपती झाल्यावर पंचायतीत आणि आरएफओ कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका. दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी फक्त कडेचा वरंबा काढा, दुसरं काही नको. पुढच्या पावसात परत छत्री घेऊन जा. जिथं पाणी अजून अडतंय तिथं बांध हवा. तो घालायला हात कमी पडले तर कळवा, आम्ही येऊ.